नऊ वर्षांच्या मुलाच्या दातांवर डाग: फ्लोरोसिस ओळखायचा कसा आणि उपचार किती करायचे?

गोव्यातल्या साखळीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलगा ९ वर्षांचा. पुढचे कायमचे दात आले तेव्हापासून त्यांच्यावर पांढुरके पट्टे आहेत, आणि गेल्या वर्षभरात वरच्या मधल्या दोन दातांवर तपकिरी छटा आली. शाळेतल्या दंततपासणीत कार्डावर ‘फ्लोरोसिस’ (दात घडताना पोटात फ्लोराइड जास्त गेल्यानं पडणारे डाग) असं लिहून मिळालं. सासूबाईंच्या मते हा घरच्या विहिरीच्या पाण्याचा दोष. एका दवाखान्यात दोन्ही दातांना कॅप बसवायचा सल्ला दिला. घाबरून त्यांनी टूथपेस्ट बंद केली, दंतमंजन सुरू केलं आणि आता आरओ घ्यायच्या विचारात आहेत. धाकटी मुलगी २ वर्षांची. तिच्या दातांचंही असंच होईल का, ही मोठी काळजी. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘मुलगा आठ महिन्यांचा असताना यांची बदली पांढरकवड्याला झाली होती, तो पाच वर्षांचा झाल्यावर आम्ही परत गोव्यात आलो.’

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी सहज लिहून टाकली आहे. मी उत्तर तिथूनच सुरू करते.

दाताचं पांढरं कवच, ज्याला आम्ही इनॅमल म्हणतो, ते दात हिरडीतून बाहेर येण्याच्या कितीतरी आधी जबड्याच्या आत घडतं. वरचे मधले दोन पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी दिसतात, पण त्यांचं कवच बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच बनायला लागतं आणि ते चार-पाच वर्षांचं होईतो पुरं होतं. त्यातही दुसरं आणि तिसरं वर्ष सगळ्यात नाजूक. त्या काळात पोटात फ्लोराइड जास्त गेलं तर त्याची खूण राहते. नंतर कितीही गेलं तरी त्या दातांवर नवा डाग पडत नाही, कारण कवच घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात.

ही बांधणी मोठी गमतीची असते. आधी प्रथिनांचा एक सांगाडा उभा राहतो, मग तो हळूहळू निघत जातो आणि त्या जागी कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक भरत जातात. सेंट्रिंग काढत काढत तिथंच काँक्रीट भरायचं, अशी उफराटी तऱ्हा. फ्लोराइड जास्त झालं की ही प्रथिनं निघायला उशीर होतो, थोडी आतच राहून जातात. वरचा पापुद्रा चांगला बनतो, पण त्याच्याखाली बारीक बारीक पोकळ्या राहतात. प्रकाश त्यांत विखुरतो आणि आपल्याला खडूसारखा पट्टा दिसतो. म्हणजे डाग वर चिकटलेला नसतो, तो आतल्या सच्छिद्रपणाचा असतो. ‘नीट घासत नाहीस म्हणून डाग पडले’ असं मुलाला कोणी म्हणत असेल तर त्यांना आधी थांबवा.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा धरून, बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं जुनं दुखणं आहे. तुम्ही तिथं नेमकं कुठलं पाणी पीत होता ते तुम्ही लिहिलेलं नाही: नळाचं, बोअरचं की विकतच्या कॅनचं. बोअरचं असेल तर कोडं बरंचसं सुटलं. तुमच्या मुलाचे दात उगवले साखळीत, पण घडले पांढरकवड्यात. विहिरीवर आळ घ्यायचं कारण नाही. तुम्ही इथं आलात तेव्हा त्या दोन दातांचं कवच जवळपास पुरं झालं होतं.

सासूबाईंना मात्र हसू नका. फ्लोरोसिसचा शोध अशाच घरगुती तर्कावर लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये दवाखाना थाटायला गेला, तर तिथं जन्मलेल्या कितीतरी जणांचे दात तपकिरी. पुढची तीस वर्षं तो त्याचं कारण हुडकत होता. १९२३ मध्ये आयडाहोतल्या ओकली गावातल्या आईबापांनी त्याला सांगितलं, की दूरच्या गरम झऱ्याचं पाणी नळानं आणलं तेव्हापासून मुलांचे दात असे यायला लागले. मॅकेनं पाणी तपासलं, त्यात काही सापडलं नाही. तरी तो म्हणाला, तो नळ सोडा आणि दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. काही वर्षांत धाकट्या मुलांना स्वच्छ दात आले. पाण्यात फ्लोराइड आहे हे एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून पहिली नोंद झाली. तेव्हा सासूबाईंचा ‘पाण्यानं झालं’ हा अंदाज चुकलेला नाही, विहीर तेवढी चुकली.

गोव्याच्या पाण्याबद्दल थोडं सांगते, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. ग्रॅनाइटसारख्या खडकात खोलवर, कमी पावसाच्या प्रदेशात, वर्षानुवर्षं मुरत राहिलेल्या पाण्यात फ्लोराइड चढतं. आपल्याकडे दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उथळ विहिरी धुऊन निघतात, आणि वरचा जांभा, म्हणजे ज्याचे आपण चिरे काढतो तो दगड, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला. हा जांभा उलट फ्लोराइड धरून ठेवतो. फ्लोराइडचं पाणी गाळायला जांभ्याची भुकटी वापरून पाहिलेलीही आहे. नळाचं पाणी तर ओपा, साळावली अशा नदी-धरणांवरून येतं, तिथं हा प्रश्नच फारसा येत नाही.

मग गोव्यात फ्लोरोसिस नाहीच का? आहे, पण तो दोन वाटांनी येतो, आणि निदान करताना दोन्ही डोक्यात ठेवाव्या लागतात.

पहिली वाट तुमचीच: लहानपण दुसरीकडे गेलेलं. माझ्या फोंड्याच्या दवाखान्यात औद्योगिक वसाहतीत काम करणारी बरीच कुटुंबं येतात. त्यांतले दोन भाऊ मला नेहमी आठवतात. मोठा गदग जिल्ह्यातल्या गावी बोअरच्या पाण्यावर सहा वर्षांचा झाला, मग गोव्यात आला. त्याचे दात तपकिरी, दोन-तीन जागी खड्डे पडलेले. धाकटा इथंच, गोव्यातल्या कुंडईत जन्मला. त्याचे दात दुधासारखे. आईबाप तेच, जेवण तेच, ब्रशही बहुधा एकाच दुकानातले. आईनं विचारलं, ‘मोठ्याला माझ्याकडून काही कमी पडलं का?’ मी नाही म्हटलं, पण तिला ते पटलं असं काही वाटलं नाही.

दुसरी वाट टूथपेस्टची. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी गोव्यातल्याच १२ वर्षांच्या हजारावर शाळकरी मुलांची होती. सुमारे १३ टक्के मुलांत फ्लोरोसिसच्या खुणा सापडल्या आणि सहा वर्षांच्या आधी फ्लोराइडची पेस्ट सुरू केलेल्यांत त्या होण्याचा धोका जास्त दिसला. ज्यांना फ्लोरोसिस होता त्यांच्यातही दोन वर्षांच्या आत ब्रश सुरू केलेल्यांत तो अधिक ठळक होता. पाण्याचा संबंध नसतानाही हे घडतं, कारण लहान मूल पेस्ट थुंकत नाही, गिळतं. गोड लागते, आणखी काय! असा फ्लोरोसिस बहुतेकदा सौम्य असतो. दंतवैद्यानं वाळवून दाखवल्याशिवाय आईलाही दिसत नाही.

आता निदान. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘पांढरा डाग म्हणजे फ्लोरोसिस’ हे समीकरण आमच्यातलेही पुष्कळजण धरून चालतात. शाळेच्या तपासणीत एका मुलाला मिनिटभर मिळतं, वर्गात उजेड असेल तसा, दात ओले. तिथल्या शेऱ्यावर मी कधीच उपचार ठरवत नाही.

मी आधी दात पुसून, कापसाचा बोळा लावून वाळवते. ओल्या दातावर फ्लोरोसिस लपतो, वाळला की उठून दिसतो. मग दिवा समोरून न मारता बाजूनं, तिरपा धरते. फ्लोरोसिसचे पट्टे तिरप्या उजेडात चांगले दिसतात. इतर कारणांनी आलेले डाग समोरच्या झगझगीत उजेडात. ही खूण रसेल नावाच्या दंतवैद्यानं १९६१ मध्ये नोंदवली होती आणि आजही माझ्या ती रोज कामाला येते.

यानंतर जोड्या पाहायच्या. फ्लोराइड रक्तातून सगळ्या दातांपर्यंत जातं, त्यामुळे एकाच वेळी घडणाऱ्या उजव्या-डाव्या जोडीवर खूण साधारण सारखी असते. उजवा पटाशीचा दात पट्टेदार आणि शेजारचा कोरा, असं फ्लोरोसिसमध्ये होत नाही. पट्टे आडवे, बारीक, दातावर उगाच पेन्सिल फिरवल्यासारखे. कडा धूसर, कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते बोटानं दाखवता येत नाही. दाढांच्या टोकांवर पांढऱ्या टोप्या. आणि उशिरा घडणाऱ्या दातांवर, म्हणजे उपदाढा आणि दुसऱ्या दाढेवर, तो अनेकदा जास्त. दुधाच्या दातांवर सहसा कमी.

डाग एकाच दातावर असेल तर मी विचारते, लहानपणी पडून दुधाचा दात दुखावला होता का, किंवा त्या दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला होता का. खालीच वाढणाऱ्या कायमच्या दाताला त्याचा धक्का बसतो. डाग हिरडीच्या कडेनं, खरखरीत, वर किटण साचलेलं असेल तर ती कीड लागण्याची सुरुवात आहे आणि तिला उपचार अगदी उलटा, म्हणजे फ्लोराइडच लागतं. राखाडी-पिवळे आडवे पट्टे असतील तर लहानपणी किंवा गरोदरपणी टेट्रासायक्लिन दिलं होतं का ते पाहायचं. दुधाचे आणि कायमचे सगळेच दात पिवळट, पातळ, आणि बाबांचे किंवा आत्याचेही तसेच असतील, तर तो वंशातून आलेला इनॅमलचा दोष. मशेरी, चहा, लोहाचं टॉनिक यांचे काळे-तपकिरी डाग वरवरचे. पॉलिश केलं की जातात.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती आणखी एका आजाराशी. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांच्यावर मोजकेच, ठळक कडेचे, पांढरे-पिवळे-तपकिरी ठिपके येतात. डावं-उजवं जुळत नाही. दाढ थंड पाण्यानं झणझणते आणि तिचे तुकडे पडतात. त्याला आम्ही एमआयएच (मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन) म्हणतो, हे नाव २००१ मध्ये रूढ झालं. ताप, आजारपणं अशी त्याची कारणं मांडली जातात. फ्लोराइडचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही. माझ्याकडे ‘फ्लोरोसिस’ म्हणून येणाऱ्या मुलांत बरीच मुलं प्रत्यक्षात याची निघतात. हा फरक केवळ नावाचा नाही. फ्लोरोसिसच्या दाढेला मी थांबू शकते. एमआयएचची दाढ सहा महिने थांबली तर मोडते.

तुम्ही घरी एवढं करा. सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, स्वच्छ सुती रुमालानं त्याचे दात पुसा आणि वरच्या मधल्या दोघांची तुलना करा. मग त्यांच्या बाजूचे दोन, खालचे चार, आणि मागच्या दाढा. सगळीकडे थोडेफार, जोडीजोडीनं पट्टे दिसले तर शाळेचं कार्ड बरोबर. फक्त दोनच दातांवर ठळक ठिपके असतील तर मला शंका आहे.

तपकिरी रंगाचं कोडंही सांगते. फ्लोरोसिसचा दात तपकिरी येत नाही, पांढरा येतो. बाहेर आल्यावर चहा, हळद, खाण्यातले रंग त्या सच्छिद्र भागात मुरतात. वरचे मधले दात ओठाबाहेर राहतात, वाळतात, म्हणून तिथं रंग आधी चढतो. ‘गेल्या वर्षभरात तपकिरी झाले’ हे तुमचं निरीक्षण यात चपखल बसतं. खड्ड्यांचंही तसंच. फार सच्छिद्र कवच चावताना, घासताना ढासळतं. जन्मतः खड्डा क्वचितच असतो.

तीव्रता मोजायला दोन पट्ट्या वापरतात. डीनची जुनी, १९३४ ची, नंतर १९४२ मध्ये सुधारलेली: शंकास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम, तीव्र. आणि थिलस्ट्रप-फेयरस्कॉव यांची १९७८ ची, शून्य ते नऊ. उपचार ठरवायला मला दुसरी बरी वाटते, कारण तिचे आकडे कवचात सच्छिद्रपणा किती खोल गेला आहे त्याच्याशी जुळतात. तुमच्या वर्णनावरून मुलगा तिच्यावर तीन-चारच्या आसपास असावा, पण हे दात पाहूनच पक्कं होईल. यासाठी रक्ताची तपासणी लागत नाही. हाडांच्या फ्लोरोसिसची भीतीही मनातून काढा. तो अनेक वर्षं बरंच जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात जाणाऱ्यांत दिसतो.

आता कॅपविषयी. ९ वर्षांच्या मुलाच्या, खड्डे नसलेल्या पुढच्या दातांना कॅप बसवू नका. कॅपसाठी दाताच्या वरच्या भागातला निम्म्याहून जास्त भाग तासावा लागतो. या वयात आतली नस मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. तासताना ती दुखावली की रूट कॅनल मागे लागतं. दात अजून पुरा बाहेर आलेला नसतो, हिरडी वर सरकायची असते; आज बसवलेल्या कॅपची कड चार वर्षांत उघडी पडते. आणि एकदा तासलेला दात परत मिळत नाही, आयुष्यभर कॅपमागून कॅप.

हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही, मीही यातून गेले आहे. दवाखाना नवा होता तेव्हा वाळपईची एक सतरा वर्षांची मुलगी आली, बालपण विजापूरकडे गेलेलं. पट्टे होते, खड्डे नव्हते. मी उत्साहानं तिचे सहा दात तासून पोर्सेलिनचे व्हेनियर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, बसवले. फोटो सुंदर आले. दहा-बारा वर्षांत त्यांतले दोन सुटले, एकाची कड काळवंडली, सगळे बदलावे लागले. आता तिसऱ्या खेपेची वेळ जवळ आली आहे. त्या दातांचं काम मायक्रोॲब्रेजन (कवचाचा अगदी पातळ थर घासून काढणं) आणि ब्लीचिंगमध्ये झालं असतं असं मला आज वाटतं. तेव्हापासून माझा नियम: सगळ्यात कमी दात जाईल असा उपाय आधी, आणि तो पुरा पडला नाही तरच पुढचा.

त्या क्रमानं सांगते. पहिला उपाय म्हणजे काही न करणं. अगदी बारीक पट्टे असतील तर वर्षांगणिक पृष्ठभाग थोडा झिजतो, लाळेतली खनिजं वरच्या थरात बसतात, पट्टे मंदावतात. दात नुकतेच आलेले असताना ते सगळ्यात वाईट दिसतात, आणि नेमके त्याच वयात आईबाप दवाखान्यात धाव घेतात.

तपकिरी रंगाला मायक्रोॲब्रेजन छान लागू पडतं. क्रोल आणि कॅव्हेनॉ यांनी १९८६ मध्ये त्याची आजची पद्धत मांडली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक खरवडणारी भुकटी यांचा लेप दातावर थोडा थोडा घासायचा, धुवायचा, पाहायचं, पुन्हा. हिरडीला रबराचा पडदा लावून झाकतात. यात कवचाचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, फार तर दुप्पट थर जातो. कवच पुढच्या बाजूला साधारण एक मिलिमीटर जाड असतं, तेव्हा परवडतं. दुखत नाही, सुई नाही. तपकिरी छटा बऱ्याचदा एका-दोन बैठकांत उतरते. पांढरा पट्टा खोल असेल तर तो उरतो. हे मुलाला आधीच सांगावं, नाहीतर आरशात पाहून हिरमुसतो.

उरलेल्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर मिरचीभजी ठेवली की तेलाचा डाग पारदर्शक होतो ना, अगदी तेच तत्त्व. कागदाच्या धाग्यांमधली हवा तेलानं भरली की प्रकाश विखुरायचा थांबतो. इथं कवचावर १५ टक्के आम्लाचं जेल दोन मिनिटं लावून पापुद्रा उघडतात, अल्कोहोलनं वाळवतात आणि पाण्यासारखं पातळ रेझिन आत मुरू देतात, मग निळ्या दिव्यानं घट्ट करतात. रेझिनमधून प्रकाश जवळजवळ इनॅमलसारखाच वळतो, त्यामुळे पट्टा आजूबाजूच्या रंगात मिसळतो. २००९ च्या सुमारास हे बाजारात आलं. साहित्य परदेशी, त्यामुळे महाग. आणि तपकिरी रंग आधी काढला नाही तर तोच आत बंद होतो, हे लक्षात ठेवा. सौम्य ते मध्यम फ्लोरोसिसला मी हल्ली मायक्रोॲब्रेजन आणि हे एकापाठोपाठ करते.

ब्लीचिंग मी लहान मुलांना करत नाही. सोळा-सतरानंतर, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये घालून रात्री. डाग जात नाही, भोवतालचा दात उजळतो म्हणून फरक कमी भासतो. पहिल्या काही दिवसांत पट्टे उलट जास्तच पांढरे दिसतात. तेव्हा घाबरून फोन येतात.

खड्डे असतील तर काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण. इथं एक कारागिरीची गोष्ट आहे: फ्लोरोसिसचा वरचा पापुद्रा आम्लाला दाद देत नाही, नेहमीच्या वेळात एचिंग (भरण चिकटावं म्हणून आम्लानं पृष्ठभाग खडबडीत करणं) नीट होत नाही आणि भरलेलं निखळतं. आधी पृष्ठभाग हलका खरवडून, एचिंग जास्त वेळ करावं लागतं. ‘माझं काँपोझिट सारखं पडतं’ म्हणणाऱ्या रुग्णाला फ्लोरोसिस असेल तर मी आधी हेच तपासते. व्हेनियर अठरानंतर, आणि कॅप फक्त ढासळलेल्या दातांना.

लिंबू-मीठ, कोळशाची पूड, सोडा यांबद्दल एकच सांगते: ही सगळी कवच झिजवतात, पोकळ्या भरत नाहीत. दुधातल्या प्रथिनांपासून बनवलेल्या क्रीम मिळतात. झणझणाट असेल तर देते, डाग जातील म्हणून देत नाही.

आरओची घाई करू नका. फ्लोराइड काढायचं तर आरओ काढतो हे खरं. साधा कँडल फिल्टर किंवा यूव्ही काढत नाही, आणि उकळल्यानं पाणी आटून प्रमाण उलट वाढतं. पण साखळीत ते काढायची गरज बहुधा नाही. मनाच्या समाधानासाठी विहिरीचं बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या, भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आणि त्या पाण्यात तुरटी फिरवून फ्लोराइड जाईल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवलेल्या, फ्लोराइड काढायच्या नालगोंडा पद्धतीत तुरटी वापरतात, पण मोजून, चुन्याबरोबर, आणि खाली बसलेला गाळ काढून. हंड्यात खडा फिरवण्याशी त्याचं काही नातं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. तुमच्या मुलाच्या उपदाढा आणि दुसऱ्या दाढा अजून हिरडीत आहेत. त्यांच्या कवचाचा बराच भागही पांढरकवड्यातच घडला. दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान त्या येतील तेव्हा त्यांच्यावरही पट्टे असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा ‘एवढं करूनही डाग वाढतायत’ असं वाटेल. ते वाढत नसतात, आधीच पडलेले बाहेर येत असतात. याच कारणानं मी सगळे दात येईपर्यंत मोठा उपचार पुढे ढकलते.

पेस्टचं मात्र तुम्ही नेमकं उलटं केलंत. नऊ वर्षांच्या मुलाचं, अक्कलदाढा सोडल्या तर, सगळं कवच घडून झालं आहे. पेस्टमधल्या फ्लोराइडनं त्याला नवा फ्लोरोसिस होऊ शकत नाही. कीड मात्र होऊ शकते. दवाखान्यात लावतो त्या फ्लोराइड वार्निशचंही तेच. या वयात बिनधास्त लावा. दंतमंजन खरखरीत असतं, त्यात सहसा फ्लोराइड नसतं, आणि सच्छिद्र कवचावर खरखर नको.

काळजी घ्यायची ती धाकटीची. ती तुमच्याबरोबर गोव्यातच वाढते आहे, तेव्हा पाण्याचा धोका तिला नाही, आणि अंगावरच्या दुधात तर फ्लोराइड अगदी नगण्य असतं. तिच्या कायमच्या दातांचं कवच आत्ता घडतं आहे, तेव्हा जपायचं ते पेस्टपुरतं. हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम असतं, म्हणजे एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम; ट्यूबवर ते छापलेलं असतं. जाहिरातीसारखी ब्रशभर पेस्ट म्हणजे साधारण एक ग्रॅम. दोन वेळा ती गिळली तर २ मिलिग्रॅम. बारा किलोच्या बाळाच्या पोटात दिवसाला सगळं मिळून पाऊण-एक मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात. उलट तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे दहावा भाग ग्रॅम; दोन्ही वेळा पूर्ण गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम. तेव्हा पेस्ट बंद नको, तांदळाएवढी हवी, तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी, आणि सहा वर्षांची होईतो ट्यूब तुमच्या हातात, तिच्या नव्हे. चहा तिला देऊ नका. चहाच्या पानात फ्लोराइड साठतं, स्वस्त भुकटीत जास्त. उन्हाळ्यात पांढरकवड्याला महिनाभर कोणाकडे गेलात तर त्यानं बिघडणार नाही. पण परत बदली झाली आणि घरात तान्हं बाळ असलं, तर त्याच्या दुधाच्या पावडरीला बोअरचं पाणी वापरू नका.

राहिलं एकच, आणि ते मी तुम्हाला नाही, मुलाला विचारणार आहे. वर्गात कोणी चिडवतं का? फोटोत ओठ मिटून उभा राहतो का? तसं असेल तर येत्या सुट्टीत तपकिरी छटा मायक्रोॲब्रेजननं उतरवून टाकू, तेवढ्यावर त्याची पुढची चार-पाच वर्षं निभावतील. त्याला पर्वा नसेल तर आपणही ठेवायची नाही, दर सहा महिन्यांनी दाढा तपासू. बालदंतविभाग बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयातही आहे, तिथं दुसरं मत घेतलंत तरी मला आवडेल. कुठंही गेलात तरी त्याच्या सहा-सात वर्षांच्या वयातला दात दाखवून हसतानाचा फोटो घेऊन जा, आणि पांढरकवड्याला पाणी कुठून भरत होता ते यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. पेस्ट आज रात्रीपासून सुरू करा.